नळाच्या आतला थर

“मोमो, बोट घालून बघा आत,” नर्स अकनिसी म्हणाली. नात्याने ती एलिमेलेकीची भाची. मामाला नावाने हाक मारायची त्या बेटांवर रीत नाही, ‘मोमो’च म्हणायचं.

एलिमेलेकीने करवतीने कापलेल्या पाइपच्या तुकड्यात बोट घातलं. तपकिरी, बुळबुळीत थर निघाला. गावाची पाण्याची टाकी त्याच्या हाती आली तेव्हापासून तो हा थर बघत होता आणि पँटला पुसून मोकळा होत होता.

“टायफॉइडचे जंतू यातच दडून बसतात. क्लोरीन वरच्यांना मारतं, आतल्यांना पोचतच नाही.”

“पण नंतर मी दुप्पट टाकलं होतं गं!”

“घर करून बसल्यावर दुप्पट टाकून काय उपयोग?”

“माझी नात वाचेल ना गं, तारुसिला?”

अकनिसी पाइपचा तुकडा फडक्यात गुंडाळत राहिली.

मागच्या महिन्यात म्हाताऱ्या सरदाराच्या मरणानंतरच्या शंभराव्या रात्रीचं जेवण होतं. सगळं खोरं लोटलं होतं. पाहुण्यांसाठी टाकीच्या वरच्या उतारावर संडास खणले होते आणि आदल्या दिवशी पाऊस झोडपून गेला होता. सरदारघराच्या वतीने बोलणारा म्हातारा वातीसोनी टाकीपाशी आला.

“एली, तुझं ते औषध दोन दिवस बंद ठेव बाबा. यांगोना नुसती दवाखान्यासारखी लागते. पाहुणे म्हणतील, मेलेल्याच्या नावाने आम्हाला फिनेल पाजलं!”

सगळे हसले. एलिमेलेकीही हसला. सरदारघराचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर यांगोना, मुळांच्या पुडीचं ते मानाचं पेय, त्यालाही बिनवासाचीच आवडायची. त्याने क्लोरीनची तोटी फिरवून बंद केली.

त्या संध्याकाळी त्याची नात तारुसिला नळाला तोंड लावून घटाघटा प्यायली होती. “तुकाई,” ती आजोबाला म्हणाली, “आज पाण्याला वासच नाही! रोज असंच सोड ना!” आजोबाला केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा!

ताप चढला तेव्हा घरच्यांनी पाल्याचे काढे पाजले. इस्पितळात नेईपर्यंत आतडं फाटलं होतं.

पाइप कापल्याच्या दुसऱ्या दिवशी चटईत गुंडाळलेल्या तिला घेऊन ट्रक आला. एलिमेलेकी ट्रकपर्यंत गेलाच नाही. ज्या हाताने तोटी फिरवली, तो हात पोरीला लावायचा कसा, एवढंच त्याच्या मनात होतं.

पुरून आल्यावर यांगोनाचं लाकडी भांडं मांडलं. मुळांची पूड कालवली तसा क्लोरीनचा वास दारापर्यंत गेला. अकनिसीने सकाळीच स्वतः मापून टाकलं होतं. पहिली करवंटी मानाने वातीसोनीची. त्याने टाळी वाजवली, करवंटी संपवली, तोंड वाकडं केलं नाही. मग दुसरी भरून स्वतःच गुडघ्यांवर सरकत एलिमेलेकीपुढे आणली.

“पी, एली,” तो हळू म्हणाला. “चांगली झालीय.”

एलिमेलेकीने एका दमात करवंटी रिकामी केली. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी तीनदा टाळ्या वाजवल्या.