भावकीत मोठं कोण

आपली मुळं ज्याला ठाऊक नाहीत तो माणूस या पृथ्वीवर निव्वळ पाहुणा असतो, असं खुशालराव अकोट-अमरावती एसटीत शेजारच्या प्रवाशाला सांगत होते. दर्यापूर येईपर्यंत त्यांनी ते तीनदा सांगितलं. खरं म्हणजे त्यांना मुळांशी काही देणंघेणं नव्हतं. तेल्हाऱ्याच्या पुंजारामपेक्षा आपण मोठे आहोत, असा एक कागद त्यांना हवा होता.

पुंजाराम हा त्यांचा सख्खा चुलतभाऊ. एक मार्चला खुशालरावांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. माणसाला ऐंशी वर्षं आठ महिने झाले की त्याने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात, आणि भावकी त्याला पाटावर बसवून ओवाळते. शाळेच्या दाखल्यावर जन्म एक जुलै चव्वेचाळीसचा, तेव्हा सगळं बरोबर जमत होतं. पण एका तेरवीच्या जेवणात पुंजारामने हातातला घास तसाच धरून सगळ्यांदेखत सांगितलं, की खुशाल माझ्या मागून झाला. त्याच्या बारशाला माझी आई मला कडेवर घेऊन गेली होती. पुंजारामच्या दाखल्यावर पंचेचाळीस साल होतं, पण दाखल्याला तो जुमानत नव्हता. त्याची आई तसं म्हणायची, आणि आई आता विचारायला नव्हती.

भावकीतल्या वडील माणसाला काही मान असतात. सोयरीक त्याच्या होकाराने ठरते, भांडण त्याच्या ओसरीवर मिटतं, पंगत त्याने पहिला घास घेतल्यावर सुरू होते. वीस वर्षं हे मान खुशालरावांकडे होते. त्या तेरवीपासून मात्र ताटं वाढली की लोक आधी खुशालरावांकडे आणि मग पुंजारामकडे बघू लागले. खुशालरावांचं जेवण कमी झालं.

म्हणून ही अमरावतीची वारी. सोबत वच्छलाबाई होत्या, त्यांना अंबादेवीचं दर्शन घ्यायचं होतं. नवऱ्याचं वय हे त्यांच्या लेखी लवकर आटोपण्याचं काम होतं.

अमरावतीत जुन्या जन्मनोंदींचा एक संग्रह होता, म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. तहसीलच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले देवमन तिथे एकटे बसत. त्यांचे आजोबा गावचे कोतवाल होते. कोणाकडे पोर झालं, कोण गेलं, ही खबर ते ठाण्यापर्यंत पायी पोचवत. साऱ्या गावाचे जन्म त्यांनी लिहवून घेतले, स्वतःच्या घरचे तेवढे राहून गेले. ते शोधता शोधता देवमन यांच्याकडे दीडशे गावांच्या कोतवाल बुकांच्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या वह्यांच्या, नकला, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं आणि लोकांनी आणून दिलेले असंख्य कागद जमले. सगळ्यांवर गिरणीचं पीठ बसे. देवमन ते रोज पुसत, आणि आलेल्याला आधी चहा पाजत.

खुशालरावांच्या गावचं बुक निघालं. चव्वेचाळीस सालात त्यांच्या वडिलांच्या नावावर काहीच नव्हतं. पंचेचाळीसच्या नोव्हेंबरात, नऊ तारखेला, एक ओळ होती: मुलगा. नाव नाही.

"हे माही नोंद कशावरून?" खुशालरावांनी विचारलं.

"तुमच्या वडिलाले पोरं किती, काकाजी?"

"मी एकटाच."

देवमन यांनी शाळेचं रजिस्टर काढलं आणि समजावून सांगितलं, की त्या काळी गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला लावत. कान हाताला लागला की पोरगा सहा वर्षांचा, आणि जन्म एक जुलैचा. पन्नास सालच्या त्या पानावर एकवीस पोरं एकाच दिवशी जन्मली होती.

"तुमचे हात लांब असतीन," देवमन हळूच म्हणाले. "पावणेपाच वर्षांच्या पोराचा कान लागला."

खुशालरावांनी आपले हात टेबलाखाली घेतले. मग, जणू सहज, पुंजारामच्या वडिलांचं नाव सांगितलं. ती नोंद बुकात दहा महिने आधी होती. जानेवारी, पाच तारीख. कडेवर बसून बारशाला जाण्याइतकं वय नक्कीच होतं.

खाली गिरणी चालू होती. वीस वर्षांच्या पहिल्या घासांचं काय करायचं, हे खुशालरावांना सुचेना. शेवटी ते म्हणाले, की नक्कल नको, पाटावर पुंजारामलाच बसवू. खोटं बोलायचं तर घरी बसूनही बोलता आलं असतं.

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पदर सावरून देवमनना आपल्या माहेरच्या गावाचं आणि वडिलांचं नाव सांगितलं.

"तुह्यं काहून?" खुशालराव म्हणाले.

"आली हाय तं पाहून घेतो. मले पाच भाऊ, पोरगी मी एकटीच. लवकर सापडीन."

सापडली. बारा जून एकोणीसशे चव्वेचाळीस. मुलगी.

खुशालरावांनी बोटांवर मोजलं, मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं. "तुह्या बापानं तं लग्नात सत्तेचाळीस सांगतलं होतं."

"मंग खरं सांगतलं असतं तं केलं असतं तुमी? मले माहीत होतं ना. पण तुमचा दाखला पाहून वाटलं, चला, बरोबरीचे तरी हायेत. तं दीड वर्ष लहान निघाले. अन् मी सत्तावन वर्षं तुमचं ऐकून राहिली."

"कवा ऐकलं तू?"

देवमन चहाचे कप विसळायला मागच्या खोलीत गेले. ते परत आले तेव्हा खुशालराव ताठ बसले होते आणि दोन्ही नोंदींच्या नकला मागत होते. पुंजारामचीही हवी, म्हणाले. भावकीत हजार पौर्णिमा पाहिलेलं माणूस एकच होतं, आणि ते त्यांच्या घरात होतं. पुंजारामला अजून सहा महिने काढायचे होते.

एक मार्चला वच्छलाबाई पाटावर बसल्या. पुंजाराम तेल्हाऱ्याहून आला, तिन्ही नकला चष्मा लावून वाचल्या आणि वहिनीच्या पाया पडला. पंगतीत पहिला घास वच्छलाबाईंनी घेतला. दुसरा कोणी घ्यायचा यावर थोडी कुजबुज झाली, तेव्हा त्यांनी नवऱ्याला डोळ्यांनीच थांबवलं आणि पुंजारामला खूण केली. खुशालरावांनी तिसरा घास घेतला. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पत्रिका आधीच छापून झाल्या होत्या. त्यांतली एक देवमन यांनी संग्रहात दाखल करून घेतली आहे. तीत सत्कारमूर्ती खुशालराव असून जन्म एक जुलै एकोणीसशे चव्वेचाळीसचा आहे.