माझी पाठ भिंतीकडे होती

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. तळहातापेक्षा थोडा मोठा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. तुमच्या मोबाईलमध्ये हजारो फोटो दाटीवाटीने राहतात, एकमेकांना सोबत करतात. मी मात्र घरात एकटाच होतो. माझ्या आधी या घराने फोटो काढला नव्हता आणि पुढे बरीच वर्षे काढलाही नाही.

माझा जन्म औरंगाबादच्या छावणीतल्या एका स्टुडिओत झाला. आता शहराचं नाव बदललं, स्टुडिओच्या जागी चपलांचं दुकान आलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. या घरचे कर्ते साहेबराव कचेरीत कारकून होते. त्यांची शाळा उर्दूतून झाली होती, कचेरीचं कामही उर्दूतून चाले, त्यामुळे घरात मराठी बोलणारा हा माणूस कागदावर मात्र उर्दूच लिहायचा. त्या काळी आमच्या मुलखात याचं कुणाला नवल वाटत नसे.

मध्ये खुर्चीवर शेरवानी घातलेले साहेबराव, दोन बाजूंना दोन बायका: एक त्यांची बायको आवडाबाई, दुसरी बहीण ठकुबाई. दोघी सारख्याच वयाच्या, सारख्याच नऊवारीत, दोघींच्याही चेहऱ्यावर कॅमेऱ्याची भीती. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला बसलेल्या बाईच्या मांडीवर आठ महिन्यांची द्वारका आहे. डाव्या बाजूची बाई हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसली आहे. घरी आल्यावर साहेबरावांनी मला पालथं घातलं आणि बारीक अक्षरात माझ्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. त्या ओळी हीच माझी खरी संपत्ती.

पुढे सगळं भराभर बिघडलं. ठकुबाई फर्दापूरकडे सासरी गेली आणि वर्षाच्या आत तापाने गेली. द्वारका दोन वर्षांची असताना आवडाबाई गेली. साहेबरावांनी राहीबाईशी दुसरं लग्न केलं, तसं आवडाबाईच्या माहेरच्यांनी येणं-जाणं तोडलं. साहेबरावांनी मला कागदांच्या ट्रंकेत तळाशी ठेवलं. दुसऱ्या बायकोला पहिलीचा फोटो कसा दाखवावा, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. द्वारका आठ वर्षांची असताना तेही गेले. मग मला ओळखणारं माणूसच उरलं नाही.

राहीबाईला ट्रंकेत मी सापडलो. ही बाई सोन्यासारखी होती, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही तिला नावं ठेवाल. सवतीच्या नावाचा चांदीचा टाक ती गळ्यात घालायची, सणाला पहिला घास सवतीच्या नावाने काढायची. तिने मला गुलमंडीत फ्रेमवाल्याकडे नेलं. तिला अक्षर येत नव्हतं. फ्रेमवाल्याने काच पुसता पुसता माझ्या पाठीवरची वरची ओळ वाचली: आवडाबाई, साहेबराव, ठकुबाई. दुसरी ओळ वाचण्याइतकी सवड त्याला नव्हती. त्याने मागे फळी ठोकली, खिळे मारले.

राहीबाईने नावं वाटेत पाठ केली आणि घरी येऊन बोटाने मोजली. आपण मराठी माणसं जशी मोजतो तशी, डावीकडून. पण उर्दू उजवीकडून लिहितात, मित्रांनो! साहेबरावांनी नावं त्याच क्रमाने लिहिली होती. चूक झाली ती एवढीच. त्या दिवसापासून डावीकडची ताठ बसलेली ठकुबाई या घरात आवडाबाई झाली. रोज अंघोळ झाली की राहीबाई काचेवर तिच्या कपाळाला कुंकू लावायची. मी आतून बघायचो. ओरडावंसं वाटायचं, पण फोटोला तोंड असतं, आवाज नसतो.

एकदा छोटी द्वारका माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने राहीबाईला विचारलं, "आईनं मला मांडीवर का नाय घेतलं? मी आत्याकडं का बसले?"

राहीबाई म्हणाली, "तिला बरं नसंल बाई तवा."

द्वारकाचा त्यावर विश्वास बसला नाही. ती पुन्हा विचारायलाही आली नाही. तिचं लग्न झालं, राहीबाई म्हातारी होऊन गेली, मी द्वारकाबाईंच्या नव्या घरी आलो. कुंकू लावायचं काम त्यांच्याकडे आलं. त्या लावायच्या, पण त्या बाईच्या डोळ्यांकडे कधी बघायच्या नाहीत. पुढे टीव्ही आला, माझ्या खाली कॅलेंडर आलं, माझ्या आड पालीने संसार थाटला. पाठीवर दोन ओळी घेऊन भिंतीकडे तोंड न करता भिंतीशी बोलत राहणं म्हणजे काय, ते मला विचारा. फार एकटं वाटायचं.

मग द्वारकाबाईंच्या नातीने, सोनियाने, घराण्याचा इतिहास शोधायचं मनावर घेतलं. नोकरी सांभाळून ती शनिवारी अभिलेखागारात जायची. तिथून साहेबरावांच्या नोकरीच्या कागदांच्या नकला आणल्या, ट्रंकेतले दाखले काढले. सगळं उर्दूत. कुणीतरी फहमिदाआपांचं नाव सांगितलं. त्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. सोनिया महिनाभर कागद घेऊन त्यांच्याकडे जात होती. माझी आठवण तिला सगळ्यात शेवटी झाली. स्कॅन करायला तिने फ्रेम उघडली, आणि माझ्या पाठीला पंच्याहत्तर वर्षांनी उजेड लागला.

तिने फोनवर सांगितलं, तशा दुसऱ्या दिवशी फहमिदाआपा स्वतःच घरी आल्या. द्वारकाबाई पलंगावर बसल्या होत्या, वय पंच्याऐंशी. आपांनी आधी नावं वाचली आणि उजवीकडून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेल्या. सोनियाला वाटलं, आपा उलट सांगताहेत. तेव्हा आपांनी खालची ओळ वाचली.

"द्वारका, उम्र आठ महीने. फुफी की गोद में रोती रही, माँ ने लिया तो चुप हुई."

आपांना वाटलं, आजींना कळलं नसेल. त्या मराठीत म्हणाल्या, "तुम्ही आत्याकडं रडत होत्या. आईनं घेतलं, तवा गप झाल्या. ही मांडी तुमच्या आईचीच आहे."

द्वारकाबाईंनी मला हातात घेतलं. उजवीकडच्या बाईकडे त्या बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "मला वाटायचं, हिला मी नको होते."

सोनियाने हळूच विचारलं, आता कुंकू इकडच्या बाईला लावायचं ना? द्वारकाबाई म्हणाल्या, "दोघींना लाव. आत्यानं एवढी वरसं माझ्या आईचं कुंकू घेतलं. तिचं कसं काढू?"

मित्रांनो, आता मला नवी फ्रेम आहे. तिला मागेही काच आहे. राहीबाईला मात्र हे कधीच कळलं नाही, आणि त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. तुमच्याही घरात पालथा पडलेला एखादा कागद असेल. तो उलटून बघा. अक्षर ओळखीचं नसेल, तर ओळखणाऱ्याच्या दारात जा, संकोच करू नका. फहमिदाआपांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या उर्दू वाचतात. त्यांचं घर आमच्यापासून चार गल्ल्यांवर आहे. ते पहिल्यापासून तिथंच होतं.