अधिक महिन्यातला पेट्रोल पंप

धर्मराजला पेट्रोल पंप पाहिजे होता, आणि त्याच्या व पंपाच्या मधे फक्त अमेरिका उभी होती.

अमेरिका म्हणजे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, काकासाहेब. मूळचे अंकुशनगरचे. वडील साखर कारखान्यात होते, पोरगं औरंगाबादला इंजिनियर झालं आणि तिथून ह्यूस्टनला गेलं. ह्यूस्टन हे तेलाचं शहर. तिथं राहून काकासाहेबांचं पेट्रोलशी वाकडं होतं. एखाद्यानं पैठणला घर बांधावं आणि गोदावरीशी बोलणं टाकावं, तसा हा प्रकार.

पिंपळगाव रेणुकाईहून भोकरदनकडं निघालं की डाव्या हाताला, रस्त्याला लागून धर्मराजच्या घरचा एक तुकडा होता. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं लागली: माय चतुराबाई, बहीण बेबीनंदा आणि धर्मराज. २००४ साली एका तेल कंपनीची जाहिरात आली की त्या रस्त्यावर पंप द्यायचा आहे. जागा पाहिजे, आणि जागेच्या सगळ्या मालकांच्या संमतीच्या सह्या पाहिजेत.

माय म्हणाली, "बेबीनं केली की मी बी करते."

बेबीनंदा फोनवर म्हणाली, "यांना विचार."

काकासाहेबांनी फोन घेतला. "धर्मा, पेट्रोल हा मेलेला धंदा आहे. मी सुट्टीवर येतोच आहे, समोर बसून समजावतो."

आणि ते आले ते नेमके अधिक महिन्यात.

आता अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. त्याला बोलवायचं, जोडीनं पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, धोंड्याचं जेवण घालायचं, ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा ठेवून द्यायचा. काकासाहेब अमेरिकेत असल्यामुळं चतुराबाईंचे मागचे सगळे धोंडे बुडाले होते. या खेपेला त्यांनी सगळी थकबाकी एकदम भक्तीनं फेडायचं ठरवलं आणि घरात एक नियम लावला.

"महिनाभर जावयाला कोणी उलटं बोलायचं न्हाई. नारायणाला कोणी न्हाई म्हणतं का?"

"पण माय, पंप..."

"हे बघ, तू आत्ताच उलटं बोलून राह्यला."

एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई, त्यामुळं नियम गावालाही लागला.

पहिल्या दिवशी चतुराबाई तांब्याच्या परातीत काकासाहेबांचे पाय धूत होत्या आणि काकासाहेब जगाकडं बघत होते.

"मामी, पाच वर्षांत रस्त्यावर पेट्रोलची गाडी दिसणार नाही. सगळ्या विजेवर चालतील. धूर नाही, आवाज नाही."

"बराबर," चतुराबाई अंगठा धूत म्हणाल्या.

"मग पंप टाकून धर्मा करणार काय?"

धर्मराजनं तोंड उघडलं. मायनं परातीतून मान वर केली. धर्मराजनं तोंड उघडलेलंच होतं, तर त्यातून "बराबर" असं म्हणून घेतलं.

संध्याकाळी काकासाहेब देवळाजवळच्या पारावर जाऊन बसले. तिथं कडूबा होता. कडूबा पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत पेट्रोल भरून विकायचा आणि त्याच्यावर त्याचं घर चालायचं.

"इराकात बंदुका कशासाठी गेल्या?" काकासाहेबांनी विचारलं. "तेलासाठी. उद्या सगळं जग विजेच्या गाडीत बसलं की लढायचं कशावर? सगळी सैन्यं घरी. ज्याच्या हातात पेट्रोलची बाटली आहे, तो या युद्धाचा भागीदार आहे."

कडूबानं हातातली बाटली मागं नेली. "बिलकुल," तो म्हणाला. "लई वाईट लोक असतेत."

तिथं लाइनमन होता. त्याच्या अखत्यारीत वीज होती, म्हणजे ती नसायची. त्यानं आदरानं विचारलं, "पण जावईबापू, आपल्याकडं लाइट रात्रीची असती."

"गाडी रात्रीच चार्ज करायची असते."

"मंग आपलं गाव अमेरिकेच्या पुढं है," लाइनमन म्हणाला, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

काकासाहेबांनी मग अरबस्तानचा प्रश्न घेतला. तेल संपल्यावर त्या लोकांनी काय करावं, याचं उत्तर त्यांच्याकडं तयार होतं. ऊस लावावा. सहकारी तत्त्वावर कारखाना काढावा. साखर गोड असते, त्यामुळं माणसं भांडत नाहीत. पारावरच्या प्रत्येकानं साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेली होती. सगळे म्हणाले, "बराबर."

"ह्यूस्टनला शंभर माणसांत एक माणूस माझं ऐकत नाही," काकासाहेब घरी येऊन म्हणाले. "इथं शंभरातले शंभर. लोकशाही बघावी तर इथं."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. पुढं बरेच दिवस त्यांना तसं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अणुबाँबवर मत दिलं. गाव म्हणालं, बराबर. तिसऱ्या दिवशी चीनवर. गावानं चीनकडं ढुंकूनही न बघता मान डोलावली. चौथ्या दिवशी काकासाहेबांनी मुद्दाम थोडं चुकीचं बोलून बघितलं. रशियाकडं फार बर्फ असल्यामुळं त्याला फ्रिजची गरज नाही आणि म्हणून त्याचं परराष्ट्र धोरण थंड आहे, असं ते म्हणाले. कडूबा म्हणाला, "हे आम्हाला कोणी सांगितलंच न्हवतं."

काकासाहेब पारावरून लवकर उठले. घरी आले आणि ताटावर नुसते बसले.

धर्मराजनं बहिणीला चुलीपाशी गाठलं. "अक्का, दाजींना काय झालं? तब्येत बरी न्हाई का?"

"उपाशी हैत ते," बेबीनंदा म्हणाली.

"माय तर दिवसभर तळून राह्यली."

"त्याची भूक न्हाई रे. तिथं आमचा शेजारी तेल कंपनीत है. रोज सांजच्याला कुंपणाच्या अलीकडं हे, पलीकडं तो. तास-दोन तास भांडतेत. तो ह्यांना मूर्ख म्हणतो, हे त्याला. मंग घरी येऊन चार भाकरी खातेत आणि शांत झोपतेत. इथं आल्यापासून कोणी न्हाईच म्हणंना. माणसानं जगावं कशावर?"

"मी म्हणू का न्हाई?"

"म्हण. मंग माय तुला जेवू घालते का बघ."

"त्यांच्याकडं विजेची गाडी है का पण?"

"कशाची. पेट्रोलची है, जीपएवढी मोठी. ते म्हणतेत, मी वापरतो म्हणून तर मला तिचे तोटे माहीत."

आठवडा गेला. काकासाहेबांचा चेहरा उतरला. अमेरिकेहून आणलेला पट्टा त्यांना एक भोक आत घ्यावा लागला. सकाळी ते अंगणात येरझारा घालायचे आणि स्वतःशीच बोलायचे. आधी हळू बोलायचे, मग जरा मोठ्यानं. एका सकाळी धर्मराज गोठ्यातून बाहेर आला तर काकासाहेब लिंबाच्या झाडाला विचारत होते, "आणि बॅटरीचं काय? बॅटरी जुनी झाल्यावर टाकणार कुठं?" मग झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन ते म्हणाले, "त्यावर संशोधन चालू आहे." परत पहिल्या बाजूला आले. "चालू आहे, चालू आहे, वीस वर्षं हेच ऐकतो."

झाडाच्या पहिल्या बाजूचे काकासाहेब दुपारपर्यंत जिंकले.

संध्याकाळी पारावर त्यांनी सांगितलं, "विजेची गाडी हे श्रीमंतांचं खेळणं आहे. वीज तरी कशावर होते? कोळशावर. धूर इथं नाही निघाला तर परळीला निघेल. आणि इराकचं युद्ध नुसतं तेलासाठी आहे म्हणणं हा भाबडेपणा आहे."

"बराबर," कडूबा म्हणाला.

काकासाहेब त्याच्याकडं बघत राहिले. "अरे, तू त्या दिवशी उलट्यालाही बराबर म्हणालास."

"त्या दिवशीचं त्या दिवशी बराबर होतं, जावईबापू."

काकासाहेब तरातरा घरी आले. "धर्मा, पंप टाक. पेट्रोलला पन्नास वर्षं मरण नाही. कुठं सही करायची ते बेबीला दाखव."

धर्मराज धावत आत गेला आणि कागद घेऊन बाहेर आला. पेन सापडेना, म्हणून कोनाड्यातली समई पाडून त्यानं पेन काढलं. उद्या सकाळी दाजी-अक्का निघणार होते आणि परवा अर्जाची शेवटची तारीख होती. तो कागद ओट्यावर ठेवणार तेवढ्यात चतुराबाई म्हणाल्या, "थांब."

सगळे थांबले.

"त्या जागेत पेट्रोल येणार न्हाई. इजेच्या गाड्या येणार हैत. नारायण बोलले हैत."

"मामी, मी तर आता म्हणतोय की..."

"आता म्हणता. पण पाय धुताना तुम्ही दुसरं बोलले. पाच वर्सांत पेट्रोलची गाडी दिसणार न्हाई. धूर न्हाई, आवाज न्हाई. मी अंगठा धूत होते."

"ते चूक होतं."

चतुराबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "असं म्हणू नये. नारायणाला चूक म्हणायचा तुम्हाला बी अधिकार न्हाई."

काकासाहेब सावरून बसले. खूप दिवसांनी त्यांचे डोळे चमकले. "मामी, तुम्हाला माझं पटत नाही?"

"तुमचंच पटतं. म्हणून तर तुमचं पटत न्हाई."

काकासाहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्यांनी कोळसा काढला. चतुराबाईंनी धूर काढला. त्यांनी बॅटरीतलं शिसं सांगितलं, तर चतुराबाईंनी संशोधन चालू असल्याचं सांगितलं. लिंबाच्या झाडापाशी भांडी घासताना त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. काकासाहेबांनी इराक आणला. चतुराबाई म्हणाल्या, "तिथल्या मायांची लेकरं मरून राह्यली ना? मंग तेल कशाला पाहिजे?" काकासाहेब म्हणाले, हा भावनिक मुद्दा झाला, आणि अजून चार धोंडे वाढा.

ते अकरा धोंडे खाऊन उठले. जेवणभर वाद चालला आणि धर्मराज कागद धरून उभा राहिला.

"माय," शेवटी तो म्हणाला, "दाजी आता बराबर बोलून राह्यले."

"मंग आधी चूक बोलले?"

बेबीनंदानं भावाकडं बघून हळूच मान हलवली, की नको.

"न्हाई," धर्मराज म्हणाला.

"मंग दोन्ही बराबर. पण पहिलं पाय धुताना बोलले."

"शेवटचं धरायचं असतं, मामी," काकासाहेब म्हणाले.

"माणसाचं. देवाचं शेवटचं नसतंय."

काकासाहेबांनी यावर झोपून विचार करतो असं सांगितलं आणि पडल्या पडल्या घोरायला लागले. धर्मराजला झोप आली नाही. त्याला डोळ्यापुढं रस्त्याकडेचा तो तुकडा दिसत होता. मधे एक खांब, खांबावर प्लगचा खटका, आणि खाली खुर्ची टाकून तो स्वतः विजेच्या गाडीची वाट बघतोय. गाडी येते. मग लाइट जाते.

सकाळी जीप येऊन उभी राहिली. बॅगा वर चढल्या. काकासाहेब ओट्यावर बसून सासूला सौदी अरेबियाचा नवा मुद्दा सांगत होते आणि सासू तो त्यांच्याच जुन्या उसानं खोडत होती. बेबीनंदा घरातून बाहेर आली. तिनं भावाच्या हातातला कागद घेतला.

"माय, पाटावर पूजा कोणाची केली तू?"

"नारायणाची."

"एकट्याची?"

"एकट्याची कशी? जोडीची. लक्ष्मी-नारायणाची."

"मंग लक्ष्मीला काही इच्यारलं?"

चतुराबाई विचारात पडल्या. एवढे दिवस लक्ष्मी भाकऱ्या थापत होती. "न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझं काय म्हणणं है?"

"माझं म्हणणं, धर्माला पंप पाहिजे. त्याचं इराकशी भांडण न्हाई. उद्या इजेच्या गाड्या आल्या तर तो त्यांचं बघंल."

आणि तिनं सही केली.

चतुराबाईंनी पेन घेतलं. नाव लिहायला त्यांना वेळ लागायचा. अर्ध्या नावावर थांबून त्यांनी विचारलं, "हे आधीच का न्हाई बोलली?"

"हे बोलत होते."

"आणि फोनवर म्हणली, यांना विचार?" धर्मराज म्हणाला.

"मी सगळ्यांना तेच म्हणते. तेवढ्यात माझा स्वैपाक होतो."

चतुराबाईंनी उरलेलं अर्धं नाव लिहिलं. धर्मराजनं कागद फुंकून फुंकून वाळवला, घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवला.

काकासाहेब मात्र एकदम रिकामे दिसायला लागले. जिंकले होते, पण जिंकल्यामुळं वाद संपला होता. ते जीपमधे जाऊन बसले. चतुराबाईंनी अनारशांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्या पाया पडल्या. काकासाहेब म्हणाले, "मामी, तुमच्यासारखं कोणी नाही," आणि खिडकीतून समोरच्या भिंतीकडं बघत बसले.

ड्रायव्हरनं जीप चालू केली. धर्मराजला राहवलं नाही. या माणसाला अमेरिकेपर्यंत उपाशी पाठवायचं, हे त्याला बरं वाटेना. तो खिडकीपाशी गेला, मायकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "दाजी, तुमचं ते अरबस्तानात ऊस लावायचं मला बिलकुल पटलं न्हाई. पाणी कुठून आणणार?"

चतुराबाईंनी डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवर ओढून घेतला.

काकासाहेबांनी मान वळवली. "काय म्हणालास?"

"खुळेपणा है म्हणलो."

काकासाहेबांनी अनारशांचा डबा बायकोच्या मांडीवर ठेवला, दार उघडलं आणि खाली उतरले. "ये, बस इकडं," ते म्हणाले आणि ओट्यावर मांडी घातली. "समुद्र आहे ना त्यांच्याकडं? समुद्राचं पाणी गोड करता येतं, माहितीय तुला?"

"त्याला खर्चा किती येतो?"

"हां. आता कसं बोललास."

ड्रायव्हरनं घड्याळाकडं बघितलं आणि बेबीनंदाला विचारलं, "ताई, इमान चुकंल ना?"

"बंद कर गाडी," बेबीनंदा म्हणाली. विमानाची वेळ तिनं नवऱ्याला चार तास आधीची सांगून ठेवली होती. तिनं डबा उघडला, एक अनारसा ड्रायव्हरला दिला आणि एक स्वतः खायला घेतला.