देवयानीबाईंचा रिपोर्ट

मल्लप्पा मनाने लई चांगला माणूस, आणि सगळी अडचण तिथेच आहे. साखर पेठेतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या काउंटरवर तो बसतो. कुणाला वाचता येत नसलं की रिपोर्ट स्वतः वाचून दाखवतो. फुकट, आणि हॉलच्या शेवटच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असा. मागच्या वर्षी देवयानीबाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट त्याने असाच वाचला. बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवतात, त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्या रिक्षाने शाळेत पोचेपर्यंत बातमी आधी पोचली होती. शिपाईण विचारत होती, "बाई, ती गोळी उपाशीपोटीच घ्यायची म्हणं?"

यंदा काखेत गाठ निघाली. तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट रुग्णालयाच्या वेबसाइटवर येणार होता. बाईंचं म्हणणं एवढंच, की काय निघालंय ते पहिल्यांदा मला कळू दे, हॉलला नंतर.

त्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. पण मागचा रिपोर्ट उघडल्यावर तो एकच शब्द बोलला होता : "चित्र." म्हणून बाईंनी व्यवस्थापक बिभीषणरावांना ईमेल धाडला. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा, कलम सेहेचाळीस. सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, त्याची सेवा दिव्यांगांना वापरता आली पाहिजे. वेबसाइट कशी असावी याची प्रमाणंही ठरलेली आहेत.

बिभीषणराव मूळचे माळशिरसचे. कुठलाही कायदा ते शेवटाकडून वाचायला घेतात, कारण दंड तिथे असतो.

"पहिल्या वेळेला दहा हजारांपर्यंत," ते वेबसाइट सांभाळणाऱ्या वरदला म्हणाले. "तेवढं तर डॉक्टर डेच्या हारतुऱ्यात जातं की."

"पुढं वाचा साहेब. दुसऱ्यांदा सापडलो तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत."

बिभीषणरावांनी चष्मा पुसला. "मग कायद्याचा मान राखलाच पाहिजे."

आपल्याकडे मान राखायचा म्हणजे कार्यक्रम करायचा. वरदने वेबसाइटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं निळं चिन्ह बसवलं. ते दाबलं की अक्षरं मोठी व्हायची आणि रंग बदलायचे. उद्घाटनाला पाहुण्या देवयानीबाईच. शाल, नारळ, फोटोग्राफर. निमंत्रणपत्रिका व्हॉट्सॲपवर आली होती. फोनने तिलाही चित्रच म्हटलं होतं, त्यामुळे वेळ विचारायला बाईंना फोन करावा लागला.

"आता बाई स्वतः वापरून दाखवतील," बिभीषणरावांनी जाहीर केलं.

बाईंनी फोन माइकपाशी धरला आणि मागचा रिपोर्ट उघडला. फोन म्हणाला, "चित्र." बाईंनी पुन्हा बोट टेकवलं. "चित्र." मागच्या रांगेला वाटलं, चाललंय. टाळ्या पडल्या.

कार्यक्रमानंतर तिघं ऑफिसात बसले.

"मशीनमधून रिपोर्ट कसा निघतो?" बाईंनी विचारलं.

"अक्षरांतच निघतो की," वरद म्हणाला. "मग प्रिंट काढतात, डॉक्टर सही करतात, मल्लप्पा जांभळा शिक्का मारतो. मग त्या कागदाचा स्कॅन करून वेबसाइटवर टाकतो."

"म्हणजे अक्षरांचं चित्र करता, ते शिक्क्यासाठी."

"बाई, शिक्क्याबिगर रिपोर्ट लोक हातात धरत न्हाईत," बिभीषणराव म्हणाले. "बोगस म्हणतात."

"मग कागदावर मारा की. कोण नको म्हणतंय? वेबसाइटवर मशीनमधली अक्षरं टाका."

"डॉक्टरांची डिजिटल सही होते त्याच्यावर," वरद हळूच म्हणाला. "तिचा पेनड्राइव्ह घेऊन ठेवलाय, कपाटात हाय."

बिभीषणरावांना कपाटाचा उल्लेख आवडला नाही. "इतकं कशाला? मल्लप्पा हाय की. त्याला हळू वाचायला सांगतो."

बाईंनी मांडीवरच्या शालीची घडी घातली. "साहेब, गेल्या महिन्यात तुमची तपासणी तुम्ही पुण्याला का केली? हितं तर तुमाला फुकट झाली असती."

पुण्याचं बाईंना कुणी सांगितलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पुण्याच्या गाडीचं तिकीट मल्लप्पानेच काढलं होतं.

वरद छताकडे बघत राहिला, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यालाही माहीत होतं, आणि हॉलमधल्या निम्म्या लोकांनाही.

"कपाट उघड," बिभीषणराव शेवटी वरदला म्हणाले.

रिपोर्टच्या दिवशी बाई डॉक्टरांना भेटायला आल्या होत्या. हॉल भरलेला होता. त्यांचा फोन थरथरला तसा मल्लप्पा काउंटरमागून उठला.

"आला का बाई? द्या हिकडं, वाचून दाखवतो."

"नको मल्लप्पा, बस. येतंय वाचता."

त्यांनी कानात इअरफोन घातला. पहिल्यांदा नेहमीच्या वेगात ऐकलं. दुसऱ्यांदा वेग कमी करून, प्रत्येक शब्द. कुंभारीहून आलेल्या एका आजी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मल्लप्पाही बघत होता. बाईंचं तोंड गाण्याच्या तासाला असतं तसंच होतं; त्यावरून सूर लागला की नाही हे मुलींनासुद्धा कधी कळलं नाही.

"काय निघालं ओ बाई?" मल्लप्पाला राहवेना.

"डॉक्टर आलेत का आत?"

"व्हय, आलेत. पन काय..."

बाई काठी उघडून उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मल्लप्पा शिक्क्याची डबी उघडून बसला. आजींनी त्याला विचारलं, त्याने माहीत नाही म्हणून सांगितलं, आणि आजींचा त्यावर काही केल्या विश्वास बसेना.