आप्पासाहेबांच्या आवाजाची फाइल

विद्यापीठात 'इलेक्ट्रॉनिक संगीत : रचना व सादरीकरण' हा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा त्याला गृहविज्ञानाची बंद पडलेली प्रयोगशाळा मिळाली. बेसिनं तशीच राहिली. त्यांच्यावर फळ्या टाकून कीबोर्ड मांडले. विभागप्रमुख मंदार सर मूळचे हार्मोनियमचे. विजेचं त्यांना वावडं नव्हतं, पण ओळखही नव्हती. संगणक एकच. त्याला पेनड्राइव्ह किंवा मोबाइल जोडायला बंदी, कारण व्हायरस. इंटरनेट फक्त सरांच्या केबिनमध्ये, कारण विद्यार्थी.

केलेलं काम बाहेर न्यायचं तर आधी जर्नलवर सरांची सही लागे. जर्नल म्हणजे उजव्या पानावर निळ्या शाईत मजकूर आणि डाव्या पानावर पेन्सिलीनं आकृती. रचना यंत्रावर झालेली असो की वीणेवर, विद्यापीठात ती जर्नलात उतरल्याशिवाय झाली असं धरत नाहीत.

तिसऱ्या वर्षाच्या तनुजानं अंतिम परीक्षेसाठी विषय निवडला तो स्वतःच्या वडिलांचा आवाज. त्याला कारण होतं. आप्पासाहेब एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, बहुतेक सगळी खुलताबादच्या गाडीवर. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली. स्वरयंत्र काढायचं होतं.

सोमवारी ती त्यांना प्रयोगशाळेत घेऊन आली. विभागातला एकमेव चांगला माइक तिनं त्यांच्यासमोर लावला.

"काय म्हनू?" आप्पांनी विचारलं. आवाज घोगरा झाला होता, पण अजून अख्खा स्टँड भरेल एवढा होता.

"रोज म्हणायचात ते."

"रोज तर शिव्या देत होतो लोकायला."

"त्या पण द्या."

बसून त्यांना जमेना. उभे राहिले, डावा हात वरच्या दांडीला धरल्यासारखा उचलला आणि सुरू झाले. दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद, वेरूळवाले पुढं या. आगे सरको बावा, आगे पूरी जगा खाली है. ओ मावशी, कोंबडी मांडीवर घ्या, तिला शीट नाय. दीड तास ते बोलले. शेवटी पाणी पिऊन म्हणाले, "ह्ये राहील ना?"

"राहील आप्पा."

"मंग ऑपरेशन झाल्यावर पयलं ह्ये ऐकव मला. बाकी डॉक्टरचं डॉक्टर बघंल."

तनुजानं संध्याकाळपर्यंत बसून रचनेचा सांगाडा तयार केला. मंगळवारी जर्नल घेऊन सहीला गेली. मंदार सरांनी पानं उलटली आणि चष्मा काढला.

"ध्वनितरंग पेनानं काढलेत तू."

"हो सर."

"डावं पान पेन्सिलीचं असतं."

"सर, जर्नल पुन्हा लिहिते. तेवढी फाइल आज घेऊ द्या."

"एकाला दिली की सगळे मागतात. सही झाली की फाइल."

मग तिनं जर्नल दवाखान्यात नेलं. गुरुवारी आप्पांना आत घेतलं, तेव्हा ती बाहेरच्या बाकावर त्यांच्या आवाजाचे तरंग पेन्सिलीनं काढत होती. टोक सारखं तुटत होतं. आकृत्या सात होत्या.

शनिवारी ती विभागात आली तर संगणक चकाकत होता. पडद्यावर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली बाकी काही नाही. प्रयोगशाळा सहायक रामकिसन कौतुकाची वाट बघत उभा होता.

"सोमवारी तपासनीला समिती येनार ना ताई. सर म्हनले, मशीन नवं दिसाय पायजे. म्या पार आतून धुतलं त्याला. जुनं काय बी ठिवलं नाय."

सर तिला ओरडले नाहीत. उलट खुर्ची दिली. "माझीसुद्धा तीन भजनं गेली," ते म्हणाले. "मी काही म्हटलं का?"

संगणक दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा तिनं विषय काढला. विद्यापीठाची वस्तू आवाराबाहेर न्यायला कुलसचिवांची परवानगी लागे, आणि कुलसचिव समितीच्या जेवणाच्या तयारीत होते. सरांनी जर्नल मात्र आवडीनं पाहिलं, सही केली आणि सहीखाली नियमाप्रमाणे लिहिलं : रचना प्रत्यक्ष ऐकून खात्री केली.

घरातले सगळे मोबाइल तिनं धुंडाळले. आप्पा कधी मोबाइलवर बोलून ठेवणारे नव्हते. लग्नांच्या व्हिडिओत ते होते, पण त्यांच्या आवाजावर बँड वाजत होता. राहिले कडुबाकाका. आप्पांचे धाकटे भाऊ, शेती बघणारे. फोनवर दोघांतला कोण बोलतोय हे सख्ख्या बहिणीला कळत नसे.

"म्हंजी मी आप्पा व्हायचं?" काका गोठ्यात उभे होते.

"चार मिनिटांपुरतं."

"मला त्याच्यासारकं वराडता येतंय व्हय?"

"जन्मभर त्यांच्याच गाडीत उभे राहून आलात की."

"आन शिव्या?"

"त्या पण त्यांच्याच खाल्ल्यात."

काका हसले नाहीत. "त्याला सांगायचं नाय?"

तनुजानं पाण्याची बादली त्यांच्यापुढं सरकवली. काकांनी हात धुतले आणि तिच्याबरोबर निघाले.

तीन वर्षांत ती जे शिकली होती, ते सगळं या कामाला लागलं. काकांचा स्वर तिनं किंचित खाली आणला, त्यावर घोगरेपणा चढवला, दोन शब्दांमध्ये आप्पांचा श्वास असायचा तेवढी जागा सोडली. विद्यापीठाच्या शिक्षणाचा उपयोग होत नाही असं कोणी म्हणू नये.

परीक्षेला आप्पासाहेब पहिल्या रांगेत बसले, गळ्याभोवती पंचा, मांडीवर पाटी. आता ते पाटीवर बोलत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी राग कोणता म्हणून विचारलं. मंदार सर घाईनं म्हणाले, "प्रायोगिक आहे." दिवे मंद झाले. थांब्यांची नावं तुटत, लांबत, एकमेकांवर चढत हॉलमध्ये फिरू लागली.

तनुजाची बोटं कळांवर होती आणि डोळे आप्पांवर. सुरुवातीला त्यांचा चेहरा कोराच होता. मग 'आगे सरको बावा' आलं आणि त्यांचा डावा हात आपोआप वर गेला. माणूस स्वतःचा आवाज आतून ऐकतो. बाहेरून कसा होता हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. संपल्यावर त्यांनी पाटी पुढं केली : असा होता का मी?

"असाच," ती म्हणाली.

तिला विशेष प्रावीण्य मिळालं. समितीनं विभागाला चांगला शेरा दिला, त्यात संगणकाच्या देखभालीचा वेगळा उल्लेख होता.

घरी आप्पा रोज चहानंतर तनुजाचा मोबाइल मागून घेत. फाइल लावत आणि ओठ हलवत. काही दिवसांनी ओठ बरोबर जुळायला लागले. काका पडवीत बसून ऐकत.

एकदा काकांनी अंगणातून सहज हाक मारली, "आप्पा, चल रं, जेवून घे." घोट घेता घेता आप्पा थांबले. मान वळवून त्यांच्याकडं बघत राहिले, बराच वेळ. मग पेला खाली ठेवला आणि जेवायला उठले. काही लिहिलं नाही.

त्या दिवसापासून कडुबाकाका घरात बोलेनासे झाले. काही हवं असलं तर खूण करत. बैलांशी बोलायचं तर शेताच्या पलीकडच्या टोकाला जात. पाहुणे विचारत, यांना काय झालं? तनुजाची आई पदर डोळ्याला लावून सांगे, भावाचं दुःख लई मनाला लावून घेतलं. गावात त्या भावाभावांच्या मायेचं नाव झालं.

तनुजा आता पदव्युत्तर वर्गात आहे. रविवारी घरी येते, दोघांच्या मधे बसते आणि दोघांच्या वाटचं बोलते. खरं काय ते आप्पांना सांगायचं, असं दर रविवारी ठरवून येते. मग चहा होतो, मोबाइल मागितला जातो.

परवा फाइल संपल्यावर आप्पांनी पाटी पुसली, सावकाश काहीतरी लिहिलं आणि तिच्याऐवजी काकांपुढं धरली. तिनं वाकून वाचलं.

तू तरी बोलत जा रं, असं लिहिलं होतं.

काकांनी नुसती मान डोलावली.