फलाटावरची बहीण

मित्रांनो, एखाद्याला वाट पाहायला लावणे ही थोर जबाबदारी आहे. ज्याच्यासाठी माणसे वर्षानुवर्षे डोळे लावून बसतात, ते अखेर त्यांच्या ओंजळीत सावकाश ठेवावे, भिरकावू नये. हे मी एका चित्रपटाकडून शिकलो.

मी देगलूरच्या एका बंद चित्रगृहाचा जुना पडदा आहे. लातूरच्या कारागिरांनी जाड शुभ्र कापडाचे पट्टे जोडून मला शिवले. प्रत्येक नव्या चित्रपटाच्या आरंभी मालक गुरुलिंगप्पा माझ्या चौकटीला भस्माची तीन बोटे ओढीत, आणि मगच दिवे मालवीत.

आमचे गाव तीन भाषांच्या सीमेवरचे. बाल्कनीत बसणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना हिंदी संवाद उमगत नसत. म्हणून दारावर तिकिटे फाडणारी साखराबाई खेळ सुरू झाला की त्यांच्या मधोमध जाऊन बसे आणि आपल्या बोलीत कथा सांगत राही. चित्र माझ्यावर उमटे, अर्थ तिच्या मुखातून येई.

एके वर्षी मारधाडीचा एक चित्रपट आला. त्यातला नायक आपल्या मुक्या बहिणीला फलाटावर उभी करतो, "येतो" म्हणतो आणि शत्रूमागे धावत्या गाडीवर उडी घेतो. चित्रपट तिथेच संपतो. स्त्रिया पुनःपुन्हा येत आणि जाताना विचारीत, "आला का गं तो माघारी?"

साखराबाई सांगे, "दुसऱ्या भागात येतोय. जबान दिलीय त्यानं."

दुसरा भाग येईपर्यंत फार काळ लोटला. चित्रे मोबाइलमधून लोकांच्या खिशात जाऊन बसली. माझ्यावर ओल चढली, खुर्च्या फाटल्या. लातूरचा एक व्यापारी सोयाबीनच्या गोदामासाठी जागा मागू लागला. तेवढ्यात दुसऱ्या भागाची वार्ता आली. गुरुलिंगप्पा म्हणाले, "हा चालला तर टॉकीज ठेवू. न्हाई चालला तर देऊन टाकू." दुखऱ्या गुडघ्यानिशी ते स्वतः शिडीवर चढले आणि त्यांनी मला पुसून काढले.

पहिल्या खेळाला त्या स्त्रिया आल्या. आता त्या आज्या झाल्या होत्या. दूरदर्शनसंचाने त्यांना हिंदी कधीच शिकवली होती, तरी साखराबाईची मधली खुर्ची त्यांनी राखून ठेवली.

माझ्यावर मोटारी उडाल्या, इमारती कोसळल्या. शेजारच्या तारामतीने साखराबाईला कोपराने ढोसले, "सांग की गं."

"काय सांगू माय? नुसतं फुटायलंय."

बाल्कनी हसली. मध्यंतरानंतर नायकाने मोटार चालवता चालवता कुणाला तरी फोनवर सांगितले की बहीण केव्हाच वारली. अर्धे वाक्य, आणि पुन्हा स्फोट. मित्रांनो, पडद्याला नकार देता येत नाही. त्या ज्वाळा मी अंगावर घेतल्या.

तेव्हा साखराबाईचा आवाज आला, अगदी संथ. "तर भाऊ टेसनात उतरला. बहीण तिथंच उभी हाय. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठिवला."

तारामतीने नायकाचे फोनवरचे वाक्य स्वच्छ ऐकले होते. तरी ती म्हणाली, "मग? रडली का ती?"

"न्हाई. हसली."

खालून कुणी तरी ओरडले, "ए आज्जे, गप बस की." दाराशी उभ्या गुरुलिंगप्पांनी वर पाहिले, आणि यंत्रघरात जाऊन चित्रपटाचाच आवाज उतरवला. पदर डोळ्यांना लागले. माझ्यावर आग जळत होती, आणि बाल्कनीत एक बहीण भावासोबत घरी चालली होती.

पुढच्या खेळांना खुर्च्या रित्याच राहिल्या. चित्रगृह गेले. मी आता पोत्यांच्या थप्पीमागे गुंडाळलेला पडून आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही कथा रचाल, चित्रपटही काढाल. आपली पात्रे जपा. ज्याला वाटेवर उभे केले, त्याला विसरू नका.

ज्यांनी तो दुसरा भाग घाईने उरकला, त्यांचेही कल्याण असो. त्यांच्या घरचे कोणी कुठे वाट पाहत असेल, तर त्यांची भेट घडो. गुरुलिंगप्पांना स्वस्थ झोप लागो. साखराबाईला ऐकणारे माणूस सदैव लाभो.