तेरा नंबरचा पाना

अरे ऐका तरी, आयविन मेकॅनिक पंखात अडकला! खरंच विमानाच्या पंखाच्या आत, इंधनाच्या रिकाम्या टाकीत!

लष्कराचं ते ढेरपोटं मालवाहू विमान. सोमवारी त्यातून सैनिक छत्र्या घेऊन उड्या मारणार, बुधवारी त्यातूनच बर्फात अडकलेल्या रेनडिअरना चारा टाकणार. म्हणून टाकीची गळती काढायला आयविनला जेमतेम शुक्रवारची सकाळ मिळालेली. तिथले नियम साधे. आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला झाकणापाशी लटकवायचा, बिल्ला असेल तोवर झाकण लावायचं नाही. आणि पाने-पकडी अशी हत्यारं टांगायच्या फळ्यावर एक जरी जागा रिकामी दिसली, तर विमान जागचं हलत नाही.

काम उरकून आयविन बाहेर आला, बिल्ला खिशात टाकला, आणि बघतो तर काय, तेरा नंबरचा पाना आतच! पण शुक्रवार ना, तिकडे कँटीनमध्ये दर शुक्रवारसारखी गरमागरम वॅफल्स! पठ्ठ्याने स्वतःच्या गाडीतला पाना आणून फळ्यावर टांगला. अर्धं वॅफल खाल्लं, पण डोक्यात तो पानाच, उरलेलं तसंच टाकून उठला. कुणाला न सांगता परत आत शिरला. बिल्ला खिशातच. दोन मिनिटांचं तर काम!

तेवढ्यात हुकूम आला. उत्तरेला हिमकडा कोसळलाय, जखमींना आणायचंय. विमानाच्या पोटात स्ट्रेचर बसवायची ठोकाठोक सुरू झाली. पंखावर त्याचा जोडीदार मेकॅनिक हाल्वार आला, त्याने बघितलं, बिल्ला नाही, फळा भरलेला. लावून टाकलं झाकण.

आयविन ओरडला. पाना आपटला. त्या ठोकाठोकीत कोण ऐकणार? कूस बदलायलाही जागा नाही, अंधार, इंधनाचा उग्र वास. शोधायला तरी कोण येणार? फळा तर यानेच भरून ठेवलेला!

आणि एकदम सगळं शांत झालं.

आयविनने ओळखलं. इंधन भरायच्या आधी सगळे हातातलं काम थांबवतात. म्हणजे आता नळी लागणार! पण शांतता होती ना! त्याने जीव खाऊन पाना आपटला. ठण! ठण! ठण!

"थांबवा रे!" त्यांची मुख्य, टोरहिल्ड, ओरडली. "पंखात माणूस आहे!"

झाकण उघडलं. हाल्वार पांढराफटक पडलेला. "गाढवा, मारला असता की मी तुला! बिल्ला कुठाय तुझा?"

टोरहिल्डचं लक्ष मात्र आयविनच्या मुठीकडे.

"हा तेरा नंबर. मग फळ्यावर टांगलाय तो कुणाचा?"

"माझ्या गाडीतला," आयविन पुटपुटला.

टोरहिल्डने हात पुढे केला. त्याने पाना दिला. तिचा हात तसाच पुढे. मग त्याने खिशातून बिल्लाही काढून दिला. बिल्ला नाही, म्हणजे आता टाकीत शिरणंही बंद!